पानाचं शेवटचं काम

चहाचं पान कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याचं एक काम राहिलेलं असतं. ते खुडून झालेलं असतं, सुकवून आणि वळून झालेलं असतं, हवा लागून त्याचा रंग पालटलेला असतो, गरम हवेत कडकडीत वाळून ते चाळणीवरून पेटीत पडलेलं असतं. तरीही ते पाण्यात उतरायचं बाकी असतं, आणि ते कुठल्याच कारखान्यात होत नाही. ते होतं आपल्या ओट्यावर. म्हणजे सकाळी किटलीत पानं टाकणारी मी त्या मळ्यातल्या कामकऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी आहे, आणि माझ्या आधीच्या साऱ्यांनी आपापलं काम चोख केलेलं आहे. पानाचा चहा करायला मी लागले ती चवीच्या ओढीने. टिकून राहिले ती मात्र या जाणिवेमुळे.

आमच्या घरात सकाळी दोन चहा होतात. पहिला सासूबाईंचा. पातेल्यात कपाने मोजून पाणी, त्यात साखर, ठेचलेलं आलं, कुंडीतल्या गवती चहाची पात हाताने मुरगळून. आधण आलं की पूड, मग दूध, आणि मग उकळी वर चढेपर्यंत त्या ओट्यापासून हलत नाहीत. उकळी काठाशी आली की गॅस बारीक करतात, ती खाली बसली की पुन्हा मोठा. पावसाळ्यात सुंठ, कुणी पाहुणे आले तर वेलची. गाळण्यातला चोथा पिळून काढून गुलाबाच्या कुंडीत. हा चहा मी रोज त्यांच्यासोबत पिते आणि त्यात मला काहीही उणं दिसत नाही. दुसरा चहा दहाच्या सुमाराचा, माझा. त्याला दूध नाही, साखर नाही, आणि तो गॅसवर चढतच नाही. चढतं ते फक्त पाणी.

सासूबाईंच्या डब्यातली पूड म्हणजे बारीक, गोलसर, काळपट तपकिरी दाणे. आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकरचर नावाच्या माणसाने 1930 च्या सुमारास एक यंत्र बनवलं. दातेरी रुळांच्या जोड्या, एक रूळ दुसऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरणारा. त्यांच्यामधून ओलं पान गेलं की ते चिरडतं, फाटतं आणि गुंडाळून दाणा होतं. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीटीसी म्हणतात. पानाची जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली असल्यामुळे हा दाणा पाण्यात पडताच असेल नसेल ते सगळं सोडून देतो. रंग येतो, कडकपणा येतो, त्याबरोबर जिभेला धरणारा तुरटपणाही येतो. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून दूध पडलं की कडक चहा बोचत नाही. सासूबाईंनी यातलं काही पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांची कृती त्या दाण्याला नेमकी लागू पडते. थोड्या पुडीत जास्त कप निघू लागले आणि चहा गरिबाच्या चुलीपर्यंत पोचला, हे त्या यंत्राचे उपकारच मानायला हवेत. आज भारतात वर्षाला 130 कोटी किलोंच्या आसपास चहा होतो आणि त्याचा फार मोठा भाग हाच दाणा असतो.

अख्ख्या पानाची रीत वेगळी. त्याला कारखान्यात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात. रुळांमध्ये चिरडण्याऐवजी ते एका गोल थाळ्यावर बेताच्या दाबाने वळलं जातं. काही पेशी फुटतात, बऱ्याच शाबूत राहतात. असं पान गरम पाण्यात पडलं की घाई करत नाही. आधी सुगंध उतरतो, कॅफीन उतरतं, मग अंग भरतं, आणि तुरटपणा सगळ्यांच्या मागून येतो. त्या तुरटपणाला किती आत येऊ द्यायचं हे करणाऱ्याच्या हातात असतं. दाण्याच्या बाबतीत बहुतेक सगळं कारखान्यात ठरून गेलेलं असतं, पान मात्र शेवटचा निर्णय माझ्यावर सोपवतं. त्या विश्वासाला जागावं असं मला मनापासून वाटतं.

मग आपल्याकडे घरोघरी पानाचा चहा का नव्हता? त्याचा इतिहास वाचताना मी बराच काळ एका चित्रापाशी थांबले होते. चहाचा खप वाढावा, त्याचा प्रसार व्हावा म्हणून 1903 साली सरकारने कायदा करून चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. 1930 च्या दशकात हा प्रचार देशात जोरात होता. रेल्वे स्टेशनांवर इनॅमलच्या पाट्या लागल्या. चहा कसा करावा हे त्यांवर चित्रांनी आणि देशी भाषांतून समजावलेलं असे: ताजं पाणी उकळा, किटली गरम करून घ्या, पानं टाका, त्यावर उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर नंतर. म्हणजे पाट्या शिकवत होत्या तो किटलीतला चहा. आपल्या लोकांनी पाटी वाचली, चहा उचलला आणि कृती बाजूला ठेवली. दूध, साखर, आलं, पूड एकाच पातेल्यात उकळायला घातलं. प्रचारकांना ते आवडलं नाही, कारण मसाला आणि उकळी यांमुळे चहा कमी लागत होता.

मला वाटतं लोकांनी केलं ते योग्यच केलं. चांगलं पान बोटीने लंडनला जात होतं आणि इथल्या बाजारात यायची ती चाळणीखालची चूर आणि धूळ. किटलीची कृती पानासाठी होती, आणि पान तर घरात नव्हतंच. जे हाती आलं त्यातून आपल्या आज्या-पणज्यांनी एक उत्तम पेय तयार केलं. म्हणून पानाचा चहा पिणारे जेव्हा उकळलेल्या चहाला नाक मुरडतात तेव्हा मला राग येतो. ज्यांच्या वाट्याला पान येऊच दिलं नाही त्यांच्या चवीला नावं ठेवायची कुणाला सोय नाही.

आमच्या पुण्यात चहावरून झालेला सगळ्यात गाजलेला वाद मात्र याच्याही आधीचा. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी गेली होती आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात वणवा पेटला. त्या यादीत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, बहिष्काराच्या गोष्टी पुढे दीड-दोन वर्षं चालल्या. तो सगळा वाद एका प्रश्नावर उभा होता: चहा कुणाच्या हातचा? कप पुढे करणारा हात कोणत्या धर्माचा, यावर पुण्याने रकानेच्या रकाने भरले. त्याच चहाचं पान ज्या हातांनी खुडलं त्यांच्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली असेल असं मला वाटत नाही. त्या काळी आसामच्या मळ्यांवर छोटा नागपूरसारख्या दूरच्या मुलखांतून मजूर करारात बांधून नेले जात होते, तापाने आणि उपासमारीने मरत होते, पळून गेल्यास धरून आणले जात होते. पंचहौदच्या त्या कपातलं पान कुठून आलं होतं हे आता कळायला मार्ग नाही. पण हात मोजायचेच होते तर मोजणी फार लवकर थांबली, एवढं खरं.

असो. ओट्याकडे येते.

सुरुवात पाण्यापासून. पुण्याला नळाने येणारं खडकवासल्याचं पाणी हलकं आहे आणि चहाला अतिशय चांगलं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात तेव्हा पहिला फरक मला चहात दिसतो. रंग मळकट येतो, सुगंध दबतो, आणि कप थोडा निवला की वर एक पातळ तवंग धरतो. तो तेलाचा नसतो. जड पाण्यातला चुना आणि चहातली तुरट द्रव्यं हवेशी मिळून तो पापुद्रा बनवतात. बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या पाण्यात हे होणारच. दुधाच्या चहात हा दोष झाकून जातो, नुसत्या चहात काहीच झाकलं जात नाही. आरओ यंत्रातलं पाणी दुसऱ्या टोकाचं. त्यातून सगळे क्षार निघून गेलेले असले की चहा सपक लागतो. बोअरच्या दिवसांत मी नळाचं पाणी भरून ठेवलेल्या कळशीतलं थोडं चहापुरतं बाजूला काढते.

उकळत्या पाण्याचं तापमान सगळीकडे सारखं नसतं, हेही चहाने मला नव्याने शिकवलं. शाळेत 100 अंश पाठ केलेलं असतं, ते समुद्रकाठचं. उंची तीनशे मीटरने वाढली की उकळणबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला 95-96 ला, आणि दोन हजार मीटरवरच्या दार्जिलिंग गावात 93 च्या जवळपास. म्हणजे पान ज्या डोंगरावर वाढतं तिथलं उकळतं पाणीच मुळात सौम्य आहे. पहिल्या फ्लशचा, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये खुडलेला कोवळा चहा करताना मी पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबते आणि मगच ओतते. आसामचं भारदस्त पान असेल तर थांबत नाही. त्याला खळखळतं पाणीच हवं.

किती पान घ्यायचं हे चमच्याने ठरत नाही. दाणेदार पूड जड असते, चमचा सपाट भरला तरी पुरते. अख्खं पान फुगीर आणि हलकं, वरपर्यंत रचलेला चमचाही दोनेक ग्रॅमच भरतो. मी लहानसा वजनकाटा ठेवलाय. चहाची परीक्षा करणाऱ्यांसाठी 1980 साली एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आहे, आयएसओ 3103. त्यात शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं असं प्रमाण आहे. ते मुद्दाम कडक आहे, चहातला दोष लपून राहू नये म्हणून. घरी दोष शोधायला कुणी बसलेलं नसतं. मी दोनशे मिलिलिटरला अडीच ग्रॅम घेते, पहिल्या फ्लशला तीन मिनिटं, मे-जूनच्या दुसऱ्या फ्लशला चार.

आणि या तीन-चार मिनिटांत काही करायचं नसतं. सासूबाईंना हेच पटत नाही. त्या शेजारी भाजी निवडत बसलेल्या असतात, एक डोळा माझ्या किटलीवर.

"अगं, ढवळ तरी एकदा."

"नको आई. आपोआप बसतात पानं खाली."

"मग तू उभी कशाला आहेस तिथे? बस की खाली."

त्यांचं बरोबर असतं, उभं राहायची काही गरज नसते. पण झाकणाखाली काय चाललं असेल याची कल्पना असली की पाय निघत नाही. वळलेली पानं आधी वर तरंगतात, पाणी शोषलं की एकेक करून जड होतात आणि उलगडत खाली उतरतात. किटली काचेची असेल तर हे दिसतं. माझी चिनी मातीची आहे, कारण ती उष्णता धरून ठेवते. चार मिनिटं झाली की सगळा चहा दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचा. पानं पाण्यात ठेवून दिली तर तुरटपणा उतरतच राहतो आणि दुसरा कप कडू होतो. या एका गोष्टीत हयगय चालत नाही. बाकी सगळ्यात थोडं पुढे-मागे झालं तरी पान सांभाळून घेतं.

ओल्या पानांचा वास मला चहाच्या वासापेक्षाही आवडतो. गाळून झाल्यावर किटलीचं झाकण उघडून मी आधी तो घेते. पहिल्या फ्लशला हिरवा, फुलांचा, जरासा कच्चा वास येतो. दुसऱ्या फ्लशला पिकलेल्या द्राक्षाचा. त्याला मस्कटेल म्हणतात आणि त्याच्यामागे एका किड्याचा मोठा वाटा आहे. मे-जूनच्या उबदार दिवसांत मळ्यावर तुडतुडे पडतात, कोवळ्या पानांतला रस शोषतात. झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात येतात. आपल्याकडे कपाशीवर तुडतुडे पडले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याच कुळातला किडा, पण दार्जिलिंगच्या उतारांवर तो आला नाही तर त्या चहाची सगळ्यात मोठी ओळखच पुसट होते. अर्थात फार आला तर तिथेही पीक जातं. मला हे कळलं तेव्हा कपातल्या वासाकडे बघण्याची माझी रीतच बदलली. तो वास एका झाडाच्या झगड्याचा आहे.

कर्सियांगजवळच्या एका मळ्यावर मे महिन्यात आम्ही गेलो होतो. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबच लांब जाळीचे हौद होते, त्यांवर सकाळी खुडलेलं पान पसरलेलं आणि खालून पंख्यांची हवा. तिथे पान 14 ते 18 तास पडून राहतं आणि मऊ पडतं. हातात घेऊन मूठ आवळली तर मोडत नाही, दबतं आणि सोडलं की सावकाश उघडतं. पहिल्या फ्लशचं पान तर इतकं सुकवतात की पुढे हवा लागून फारसं काळवंडतच नाही, म्हणून तो 'ब्लॅक टी' म्हणून विकला गेला तरी पाकिटातलं पान हिरवट दिसतं. खालच्या मजल्यावर वळण्याची यंत्रं, आणि त्यापलीकडे एक थंड, ओलसर खोली. वळताना पेशी फुटून रस पानावर आलेला असतो, त्याला इथे हवा मिळते. पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं हवेतला प्राणवायू घेऊन बदलतात, हिरव्याचं तांबूस होतं. चहाचा तजेला आणि त्याचा भरीवपणा दोन्ही त्या खोलीत ठरतात.

किती वेळ ठेवायचं, हे मी तिथल्या वयस्क कामगाराला विचारलं. भिंतीवर घड्याळ होतं, तापमापक होता. त्याने ओंजळभर पान उचललं, नाकाशी नेलं, मला दिलं आणि म्हणाला, अजून नाही. थोड्या वेळाने पुन्हा बोलावलं, पुन्हा दिलं. मधल्या वेळात कच्च्या पाल्याचा वास गेला होता आणि गोडसर, फळासारखं काहीतरी आलं होतं. आता, म्हणाला, आणि थाळे भट्टीकडे निघाले. तिथे गरम हवेत सगळं थांबतं, ओलावा तीन टक्क्यांच्या आसपास येतो आणि तो वास पानात कोंडला जातो. त्याच्या नाकाने जो क्षण पकडला तो माझ्या किटलीत उघडतो. मी पाच मिनिटं जास्त ठेवलं तर त्याचं काम मातीत घालवलं, हे मला तेव्हापासून फार स्पष्ट दिसतं.

बाहेर उतारावर बायका खुडत होत्या. पाठीवर वेताची डोको, तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर. दोन पानं आणि एक कोंब, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, दोन्ही हातांनी, झाडाकडे फारसं न बघता. उतार इतका की मला नुसतं उभं राहणं कठीण जात होतं. किलोभर तयार चहासाठी चार ते साडेचार किलो ओलं पान लागतं, आणि दार्जिलिंगचं चिनी जातीचं पान तर बारीक. ही झाडं मुळात चीनमधून आणलेली. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी 1841 मध्ये दार्जिलिंगला आपल्या बंगल्याच्या आवारात चहा लावून पाहिला. पुढे कंपनी सरकारने रॉबर्ट फॉर्च्युनला वेष बदलून चीनमध्ये पाठवलं आणि बी, रोपं व कारागीर मिळवले. आसामात मात्र झाड इथलंच होतं. सिंगफो लोक त्याचं पान भाजून, वाळवून, बांबूच्या नळकांड्यात ठासून धुरावर टिकवत आले होते, आणि 1823 साली रॉबर्ट ब्रूसला ते झाड ठाऊक झालं ते त्यांच्यामुळेच. इतिहासात नाव ब्रूसचं मोठं झालं.

घरी चहा झाल्यावर मी कधी कधी किटलीतलं एखादं पान बशीत काढून उलगडते. दोन पानं, मध्ये कोंब, खाली देठाचा लहानसा तुकडा आणि त्याच्या टोकाशी खुडल्याची जागा. तिथे कात्री लागलेली नसते. चिमटीत मोडलेला देठ असतो. एका बाईची बोटं तिथे लागलेली आहेत, आणि त्यानंतर तो कोंब अख्खा माझ्यापर्यंत आलेला आहे. 2023 साली पश्चिम बंगालमध्ये मळ्यातली रोजंदारी 250 रुपये झाली. माझ्या घरातलं शंभर ग्रॅमचं पाकीट त्या रोजंदारीच्या दुपटीहून महाग आहे. हिशेबात वाहतूक, दलाली, दुकान, सगळं धरलं तरी हे मला गिळता येत नाही. बागेत घर मिळतं, शिधा मिळतो, असं सांगतात. ती घरं मी रस्त्यावरून पाहिली आहेत.

दार्जिलिंगच्या चहाला 2004 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भारतातलं ते पहिलं. 87 मळ्यांचाच चहा त्या नावाने विकता येतो. 2017 साली गोरखालँडच्या आंदोलनात 104 दिवस डोंगर बंद राहिला, दुसरा फ्लश झाडावरच गेला आणि झुडपं माणसाच्या डोक्यावर वाढली. त्यानंतर उत्पादन पूर्वीच्या पातळीवर आलंच नाही. पूर्वी वर्षाला एक कोटी किलोंच्या वर जाणारा हा चहा आता साठ लाख किलोंच्या आसपास घुटमळतो. तरुण मुलं-मुली शहरांत कामाला जातात, आणि त्या रोजात कुणी का राहावं? शेजारच्या नेपाळातल्या इलामचा चहा दार्जिलिंग म्हणून खपवला जातो तो वेगळाच. इलामचा चहा चांगला असतो, त्याच्या स्वतःच्या नावाने तो प्यावा.

पान घरी आल्यावर सांभाळायचं असतं, कारण ते शेजारचा वास लगेच धरतं. आमच्या स्वयंपाकघरात हिंग, गोडा मसाला, सुकं खोबरं एकाच फळीवर नांदतात. चहाचा डबा मी दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटात ठेवते. सासूबाईंनी पहिल्यांदा तो तिथे पाहिला तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुसून, नीट झाकण लावून परत तिथेच ठेवला. गेल्या एप्रिलमध्ये उकाड्याने त्यांना दुधाचा चहा नकोसा झाला होता. मी पहिल्या फ्लशचं पान रात्री गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं. गार पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन दोन्ही कमी उतरतात, राहतो तो गोडवा आणि फुलांचा वास. त्यांनी फुलपात्रात घेतला, प्यायल्या, अजून मागितला. मग म्हणाल्या, "याला चहा म्हणू नकोस तू. पण रोज करून ठेवत जा." उन्हाळाभर ठेवला. पाऊस पडला तशा त्या आल्याकडे परत गेल्या.

यंदाच्या मार्चमध्ये नवा चहा मागवायला मी दुकानदाराला फोन केला. तो चोख माणूस आहे. बागेचं नाव सांगतो, उंची सांगतो, खुडणीचा महिना सांगतो, पाकिटावर खेपेचा क्रमांकही लिहितो. दार्जिलिंगमध्ये प्रत्येक मळ्याच्या मोसमातल्या पहिल्या खेपेला डीजे-1 म्हणतात, पुढच्या खेपा त्याच क्रमाने. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, या बागेत रोज किती देतात? वेळेवर देतात का? भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का?

पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "ताई, पाणी किती गरम हवं ते सगळे विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. चौकशी करून सांगतो."

काही दिवसांनी त्याचा फोन आला. रोज सरकारी दराने देतात, पंधरवड्याला देतात. निधीबद्दल मात्र बागेकडून उत्तर आलेलं नव्हतं. मी चहा घेतला, पैसे पाठवले आणि त्याला सांगितलं की दुसऱ्या फ्लशच्या वेळी पुन्हा विचारीन. तो म्हणाला, मीही विचारत राहतो, दोघांनी विचारलं तर बरं. आणखी दोन मैत्रिणी पानाचा चहा पितात. त्यांनाही मी त्याचा नंबर दिलाय आणि काय काय विचारायचं तेही सांगितलंय.